आत्याचं कोरं बोट

या आठवड्यात कारखान्यात काय काम चाललंय, ते आमच्या घरात आत्याच्या हातांवरून कळतं. हात कोपरापर्यंत हिरवे असले तर गाद्यांच्या खोळी, विटकरी असले तर पडदे, आणि काळे असले तर कुठल्या तरी शाळेचे गणवेश. ती कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करते. कारखाना म्हटलं की डोळ्यांसमोर येतं तसं तिथं काही नाही. एक लांबट खोली, जमिनीत बांधलेले सिमेंटचे हौद, कोपऱ्यात पाणी तापवायचा बॉयलर आणि मागच्या अंगणात वाळवणाच्या दोऱ्या. दारामागच्या खिळ्यावर रबरी हातमोजे टांगलेले असतात. आत्या ते घालत नाही. “हाताला कळतं ते मोज्याला कळत नाही,” म्हणते. पाणी किती कोमट झालं, कापडानं रंग किती प्यायला, कुठं घडी अडकली, हे सगळं ती बोटांनाच विचारते.

वर्षभर असं चालतं. निवडणूक जाहीर झाली की मात्र मोजे खिळ्यावरून खाली येतात.

मत दिलं की बोटावर जांभळ्या शाईची रेघ ओढतात, नखावरून खाली कातडीपर्यंत. ती रेघ उठून दिसली पाहिजे, हा आत्याचा हट्ट. म्हणून मतदानाच्या आधी ती हौदाकडे फिरकत नाही. वाळवणं, घड्या घालणं, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं ही कामं स्वतःकडे घेते आणि हौद जोडीदारणीवर सोपवते. ही जोडीदारीण बॉयलर सांभाळते, म्हणून तिला सगळे वाफाबाई म्हणतात. मोजे दिवसभर हातात, अगदी ओल्या चादरी उचलतानाही. आणि रोज संध्याकाळी मोरीत बसून लिंबाची साल, खायचा सोडा आणि घासायचा दगड. आधी वरचा काळा उतरतो, त्याखालून मागच्या महिन्याचा विटकरी निघतो, त्याखालून कधीचा तरी पिवळा. सगळ्यात शेवटी आत्याचं स्वतःचं बोट बाहेर येतं, सुरकुतलेलं आणि जरा लाजल्यासारखं. याला आमच्या घरात ‘बोट कोरं करणं’ म्हणतात.

“वन्सं, लग्नातसुद्धा एवढे हात घासले नसतील तुम्ही,” आई म्हणते.

“लग्नात कुठं कोणी मला विचारलं होतं?” आत्या म्हणते.

आपल्या लग्नाविषयी ती एवढंच बोलते. ते कसं झालं आणि का टिकलं नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही. ती परत आली ती मागच्या खोलीत, आणि तिथंच राहिली.

प्रचार सुरू झाला की ती एका पक्षाची राहत नाही, सगळ्यांची होते. सगळ्यांच्या सभांना जाते. लवकर जाऊन पुढची खुर्ची धरते, म्हणजे बोलणाऱ्याला तिचा चेहरा टाळता येत नाही. दाराशी आलेल्या कुठल्याही उमेदवाराला ती उभ्यानं जाऊ देत नाही. पाणी देते, बसवते, आणि मग सुरू करते. मागच्या खेपेला एक गृहस्थ हसतमुखानं आले आणि म्हणाले, “ताई, या भागाचा कायापालट करायचाय.” आत्या म्हणाली, “मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा आमची खुर्ची वेगळी होती. खुर्ची आम्ही बदलली. वाक्य तेवढं तुम्ही नाही बदललंत.” त्या गृहस्थांबरोबर आलेली पोरंसुद्धा तोंड फिरवून हसली.

निवडणुका नसल्या की तिला करमत नाही. मग घरातच घेते. एकदा बाहेरच्या खोलीच्या पडद्यांचा रंग ठरत नव्हता. तिनं कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या, बरणीत टाकायला लावल्या, आणि हरली. तिला निळे हवे होते, आम्हाला हिरवे. बाबा म्हणाले, “जाऊ दे ताई, निळेच कर.” ती भडकलीच. “मग मतं कशाला घेतली? गंमत म्हणून?” आणि तिनं असा हिरवा रंग काढला की बघणारा अजूनही दोन मिनिटं थांबतो.

तिचं खरं भांडण एकाशीच आहे. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे किल्लीवाले काका. कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात, घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. ते दुसऱ्या पक्षाचे, आणि असे तसे नाहीत, हाडाचे. मतदानाच्या दिवशी केंद्रात उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात ना, खरा मतदार कोण आणि खोटा कोण ते बघायला, तिथं त्यांच्या पक्षाकडून दर वेळी काकाच बसतात. आत्या आणि ते रोज सकाळी, ती कामाला निघताना आणि ते दुकान उघडताना, एकमेकांच्या पक्षाचे वाभाडे काढतात. ते झालं नाही तर दोघांचाही दिवस जात नाही.

“काय बाई, तुमचे साहेब काल झोपले होते म्हणे सभेत.”

“झोपतात ते बरं. तुमचे जागे असतात आणि बोलतात.”

आत्याला हे वेड कुठून लागलं, ते मला बाबांकडून कळलं. ती स्वतः सांगत नाही.

ती लहान होती तेव्हा या देशात मत नावाची गोष्ट नव्हती. एकच माणूस होता आणि प्रत्येक खोलीत त्याचा फोटो होता. आजोबाही रंगारीच. त्या माणसाच्या वाढदिवसाला शहरभर लावायचं कापड त्यांच्याकडे रंगवायला यायचं. एका वर्षी रंग जरा फिका उतरला. पाणी जड होतं, एवढंच. दोन माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली. का, कुठं, किती दिवस, हे विचारायची सोय नव्हती. ते परत आले ते चालत, धडधाकट दिसत होते. पण त्यानंतर त्यांचा आवाज कायमचा खाली गेला. घरातही ते असं बोलायचे की जणू पलीकडच्या खोलीत कोणी आजारी झोपलंय.

मग तो माणूस गेला, आणि पुढं पहिली निवडणूक आली. आत्या तेव्हा नुकती मताच्या वयाची झाली होती. आजोबांना तीच घेऊन गेली. रांगेत त्यांनी तिला हळूच विचारलं, “आत कोण असतं?”

“आडोशाच्या आत? कोणी नाही. आपण एकटेच.”

“आणि बघतं कोण?”

“कोणीच नाही बघत.”

आजोबांना हे काही खरं वाटलं नाही. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी अधिकाऱ्यानं हाक मारली. घरी आल्यावर आजीनं विचारलं, कोणाला दिलंत? तेव्हा आजोबा चक्क हसले, आणि म्हणाले, “सांगणार नाही.” मोठ्यानं म्हणाले. बाबा सांगतात, भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्यानं.

यंदा मतदानाच्या आदल्या दिवशी आत्याचं बोट कोरं होऊन बसलं होतं. सकाळी तिनं ते खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवलं. “बघ. बाळाचं वाटतंय की नाही?” मला तसं काही वाटलं नाही, पण मी हो म्हटलं.

दुपारी कारखान्यात एका नाटकगृहाचा मोठा पडदा हौदात होता. गर्द जांभळा रंग. नेमका शाईच्या जातीचा. वाफाबाई काठीनं पडदा फिरवत होती आणि आत्या लांब उभी राहून, हातात मोजे, तिला नुसत्या सूचना करत होती. तेवढ्यात पडद्याचं टोक हौदाच्या तळाशी, पाणी सोडायच्या भोकात ओढलं गेलं आणि अडकलं. काठीनं निघेना. कापड असं एका जागी अडून राहिलं की रंग तिथंच बसतो, डाग पडतो, आणि डाग पडलेला पडदा कोणी नाटकाला टांगत नाही. आत्या धावली, वाकली. मोजे घातलेल्या हाताला गाठ सापडेना. तिनं मोजे ओढून फेकले आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत हौदात घातले.

गाठ लगेच सापडली. पडदा वाचला. वाफाबाईनं टाळी वाजवली आणि ती टाळी अर्ध्यावर थांबली. आत्यानं हात वर काढले होते आणि त्यांच्याकडे बघत होती.

“अगं बाई,” वाफाबाई म्हणाली. “आज कशाला घातलेस?”

“मी कुठं घातले,” आत्या म्हणाली. “गेले.”

त्या संध्याकाळी आमच्या मोरीत लिंबांचा ढीग पडला. दगड फिरत होता, सोड्याचा फेस जांभळा होऊन वाहत होता आणि बोटं होती तशीच. ताजा रंग तो. त्याला उतरायला वेळ द्यावा लागतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी घासत होती.

“चामडी काढशील, ताई,” बाबा म्हणाले.

“सोलून ठेवा आता, बटाट्यासारखे,” आई म्हणाली, आणि मग तिनंच दगड काढून घेतला आणि आत्याच्या हाताला तेल लावलं. भिंतीपलीकडून किल्लीवाले काका ओरडले, “काय चाललंय काय? भिंत पाडताय का?” आत्यानं उत्तर दिलं नाही. तेव्हा मला कळलं की हे साधं नाही.

कारण आता रेघ दिसण्या न दिसण्याचा प्रश्न राहिला नव्हता. यंदा केंद्राच्या दारावरच मोठ्या अक्षरांत लावलं होतं: बोटावर शाईची खूण असेल त्याला मत देता येणार नाही. मागच्या निवडणुकीत कुठं कुठं एकाच माणसानं दोनदा मत दिल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, म्हणून कडक केलं होतं. आणि आत्याच्या दहाही बोटांवर, नखांच्या कडांत, जांभळी खूण होती.

सकाळी ती नेहमीपेक्षा उशिरा निघाली. दर वेळी रांगेत पहिली असते, यंदा आम्ही मधेच कुठं तरी उभ्या होतो. शाळेची खोली होती. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर बसलेले मोठे अधिकारी, गुडघे पार छातीपर्यंत आलेले. आत्यानं हात पदराआड घालावेत तसे पिशवीत घातले होते.

नाव सापडलं. पुढं शाई लावणारी मुलगी होती, माझ्याच वयाची असेल.

“आजी, हात दाखवा.”

दुसरा दिवस असता तर ‘आजी कोणाला म्हणतेस’ इथपासून सुरुवात झाली असती. आत्यानं मुकाट्यानं हात काढून टेबलावर ठेवले.

मुलगी मागं सरकली. “हे काय? तुमच्या बोटाला शाई आहे.”

“शाई नाही गं. रंग आहे. कापडाचा.”

“सगळ्या बोटांना?”

“सगळ्या बोटांना. मत काय दहा वेळा दिलं असेल मी?”

“दिलं असेल! या बाईंचा काही नेम नाही,” रांगेतून कोणी तरी म्हणालं. खोलीत हशा झाला. आत्याही हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

केंद्राध्यक्ष उठून आले. चष्म्याचे, थकलेले, सरळ वाटणारे गृहस्थ. त्यांनी बोटं निरखली, उलटी केली, पुन्हा सरळ केली. मग म्हणाले, “बाई, खूण ती खूण. मला यातली शाई कुठली आणि रंग कुठला, हे कळायला मार्ग नाही. नियम आहे.”

मला वाटलं, आता आत्या भडकणार. सभेत पुढच्या खुर्चीवरून बोलते तसं बोलणार. मी मनातल्या मनात तिच्या बाजूनं वाक्यं जुळवायला लागले होते. ती म्हणाली, “नियम बरोबर आहे.”

केंद्राध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

“हा नियम नसता तर मीच मागितला असता,” आत्या म्हणाली. “पण मी मत दिलेलं नाही, साहेब. आजपर्यंत एकही चुकवलेलं नाही. हे आत्ताचं मला द्यायचंय.”

एवढं बोलून ती उभी राहिली.

केंद्राध्यक्षांनी थोडा विचार केला आणि भिंतीशी बाकावर बसलेल्या प्रतिनिधींकडे वळले. “यांना ओळखता तुम्ही? यांनी आज मत दिलेलं नाही, हे मान्य आहे का? तुमच्यापैकी एकाचाही आक्षेप असेल तर मी यांना आत सोडू शकणार नाही.”

आत्याच्या पक्षाचा माणूस तत्परतेनं उठला. “छे छे, आमचा काही आक्षेप नाही!”

“तुमचा नसणारच,” केंद्राध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी किल्लीवाल्या काकांकडे पाहिलं.

काका बुटक्या बाकावर बसले होते. मागच्या वेळी आमच्या भागात त्यांचा उमेदवार अगदी थोडक्यात पडला होता. किती थोडक्यात, ते काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, कुलूप दुरुस्त होईपर्यंत. एकेका मताची किंमत त्या खोलीत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. त्यांनी नुसतं ‘शंका आहे’ म्हटलं असतं तरी पुरे होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होती.

काका बाकातून सावकाश उठले. गुडघे मोकळे केले.

“साहेब, मी यांच्या शेजारी राहतो. काल संध्याकाळभर या बाई हात घासत होत्या, आमच्या भिंतीचा रंग उडाला असेल. हा रंगच आहे. मत दिलेलं नाही यांनी.”

“म्हणजे आक्षेप नाही?”

“आक्षेप यांच्या तोंडाला आहे, आणि तो कायमचा आहे. हाताला नाही.” मग ते जरा थांबले आणि म्हणाले, “यांचं मत आम्हाला पडायचं नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण ते यांचं आहे. देऊ द्या.”

हशा पिकला. आत्यानं मान वर केली. “कोणाला पडणार ते तुम्ही कोण सांगणार? गुप्त असतं ते.” आवाज परत आला होता.

मुलीनं बाटलीतली काडी काढून रीतसर रेघ ओढली. जांभळ्यावर जांभळी. काहीही दिसलं नाही. आत्यानं बोट उजेडाकडे धरलं, डोळ्यांजवळ आणलं, लांब नेलं. “अजून थोडी लाव की.”

“आजी, लावली ना! जा आता आत.”

ती आडोशामागं गेली. वेळ लावलाच. बाहेर आली ती सरळ चालत, कोणाकडे न बघता.

परत येताना आम्ही शाळेच्या भिंतीकडेनं चालत होतो. आत्या म्हणाली, “किल्लीवाल्यांनी नाही म्हटलं असतं तर मी परत आले असते. भांडले नसते.”

“का?”

“का म्हणजे? त्यांना विचारलं होतं ना.” दोन पावलं गेल्यावर पुढचं बोलली. “माझ्या बापाला नेलं तेव्हा दारात अख्खी गल्ली उभी होती. कोणाचा आक्षेप आहे का, असं कोणी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणी बोललं असतं की नाही, देव जाणे. पण विचारलंच नाही.”

मग तिनं माझं बोट हातात घेतलं. माझ्या बोटावरची रेघ झकास उठली होती. तिनं ती अंगठ्यानं चाचपून बघितली, कापड बघते तशी. “चांगली बसलीय,” म्हणाली.

पुढचे दिवस तिला फार जड गेले. गल्लीत जो तो विचारायचा, “काय बाई, यंदा नाही गेलात मताला?” आणि ती प्रत्येकाला थांबवून पहिल्यापासून सांगायची, पडद्यापासून. वाफाबाई म्हणाली, “पाटीच घाल आता गळ्यात.” मतमोजणी पुढच्या आठवड्यात होती. तोवर आमच्या बोटांवरच्या रेघा जुन्या दिसायला लागल्या, आणि तिच्या हातांवरचा रंग हळूहळू फिका होत गेला. एका सकाळी भांडी विसळताना ती एकदम थांबली. बोटाचा जांभळा उतरला होता आणि नखावर एक गडद रेघ तेवढी उरली होती, रुबाबात. तिनं ओल्या हातानंच सगळ्यांना उठवलं. बाबांना वाटलं, कोणी तरी गेलं.

निकाल लागला. काकांचा उमेदवार निवडून आला, आणि पुन्हा अगदी थोडक्याच मतांनी. आत्यानं रेडिओ बंद केला, उठून वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या, त्या मोडल्या आणि परत घातल्या. आईनं तिला तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघाली तेव्हा मी सोबत होते. किल्लीवाल्या काकांच्या दुकानासमोर माणसं जमली होती, काका सगळ्यांच्या मधे उभे, कानापर्यंत हसत. आत्याला पाहून गर्दी जरा बाजूला झाली. सगळ्यांना ऐकायचं होतं.

“अभिनंदन,” आत्या म्हणाली. मनापासून म्हणाली.

काका गोंधळले. इतकी तयारी करून बसलेल्या माणसाला समोरून वार आला नाही की होतं तसं. “बसा की बाई,” त्यांनी स्वतःची खुर्ची पुढं केली.

“बसायला वेळ नाही, हौद भरायचाय. आता तुमचे साहेब आमचेही झाले. कोपऱ्यावरचा दिवा कधी लागणार, तेवढं विचारून ठेवा त्यांना.”

“अहो, कालच निकाल लागला!”

“मग?” आत्यानं पिशवी खांद्यावर टाकली. “पाच वर्षांतला एक दिवस गेला की.”